लुगदी

वासी उत्तरायणाच्या रात्री, साडेनऊला,
रिक्षातून पुठ्ठ्याचं खोकं आलं.
वर छापलेलं: तीळ चिक्की, नग वीस.
आत एकच नग होता
आणि तो खोकं आतून ओरबाडत होता.

तृप्तीबेननं चामडी मोजे चढवले, कोपरापर्यंत.
"मोठा दिवा घालव, कुंदा. तिला उजेड खुपतो."
टॉवेलात कोल्ह्याचं तोंड,
डोळे ओल्या चिंचोक्यासारखे.
डावा पंख मी टेबलावर उलगडला.
पंख कसला, हातच तो:
अंगठा, चार लांबच लांब बोटं,
मधे कातडी, चहा गाळून गाळून
विटलेल्या फडक्यासारखी.
तिसऱ्या बोटाला सहा वेढे.
गुलाबी.

हा गुलाबी मी ओळखते.

अण्णांची लुगदी:
भाताची खळ, कोरफडीचा गर,
फुटक्या ट्यूबलाइटची पूड, बाजरीच्या पिठासारखी चाळलेली,
आणि रंग, रावपुऱ्यातल्या एकाच दुकानातला.
दांडिया बाजारात दोन खांबांमधे दोरा ताणून
संक्रांतीआधी महिनाभर
अण्णा पुढे, मी मागे,
बोटांना चिकटपट्ट्या,
जा, ये, जा, ये,
नऊ तारी, हजार वार.
गिऱ्हाईक म्हणायचं, "मराठाकाकानी दोरी, कापे ज."
अण्णा हसायचे नाहीत. फिरकी जरा हळू फिरवायचे, इतकंच.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली.
हा मांजा त्यांचा नाही.
दुकान अजून चालू असणार.

सहा वेढे सोडवायला चाळीस मिनिटं लागली.
बोट वाचलं नाही.
डॉक्टर पिंपुटकरांनी पोट चाचपलं, म्हणाले,
"गाभण आहे. जपा."
रजिस्टरमधे मी लिहिलं: सतरा, मादी.
त्या रात्री सतराव्या नंबरापर्यंत आलो होतो,
त्यातली अकरा कबुतरं, एक घुबड,
बाकीचं लिहवत नाही.

ती चिकू खाते म्हणजे रस पिते,
चोथा टाळूवर दाबून
माझ्या पायाशी थुंकते, नेम धरून.
आत्याबाई पान थुंकायच्या तसा.
त्याच म्हणायच्या,
वाघळाच्या घरी पाहुणा, तूही लटक मीही लटक.
मी आपली स्टुलावर बसते,
मान वाकडी करून. तेवढ्यानं तिला चालतं.

मार्चमधे, भर दुपारी, कोणी बघत नसताना
तिनं पोर काढलं
आणि उरलेल्या बोटांच्या झोळीत धरलं.
जूनमधे त्या पोरानं पिंजऱ्याचं छप्पर
तीन वेळा मोजलं,
मग उघड्या झापेतून गेलं.
कामाठीबागेतल्या झाडांवरून निघालेली रांग
विश्वामित्रीवर येत होती.
त्यात ते कुठलं, सांगता येईना.
आई जागची हलली नाही.
कान तेवढे फिरले.

काल रात्री भावाच्या मुलाचा फोन, पुण्याहून.
निहार. नववीत आहे.
"आत्या, आजोबांची लुगदी कशी करायचे गं?
बाबा म्हणतो, तुलाच माहीत."

मला आठवतं.
वाटीच्या मापासकट आठवतं,
खळ किती वेळ ढवळायची, पूड कधी घालायची,
पाणी कोमट का.

वर सतरा नंबर चिकू चावत होती.

म्हटलं, भात घ्यायचे एवढं आठवतंय.
पुढचं विसरले रे.