येण्याचे कारण

भाईंदरहून उत्तनच्या बसला मंगळवारी सकाळी
खिडकीची जागासुद्धा मिळते.
मिठागरं लागली की मी मफलर कानावर ओढते.
कंडक्टर विचारतो, "वेलंकनीला का, मावशी?"
"नाही. समुद्रावर."
"आत्ता?" म्हणतो,
आणि सुटे परत द्यायला विसरतो.

रिसॉर्टच्या फाटकावर 'स्वागत'मधला 'स्वा' गळून पडलाय.
"नाताळाआधी लावू," रेजिना म्हणते.
तलाव उपसून कोरडा केलेला,
त्याच्या निळ्या तळाशी एक कुत्री पिलांना पाजत पडली आहे.
तिथे ऊन पोचतं, वारा पोचत नाही,
हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार.
छपरापर्यंत रचलेल्या खुर्च्यांतून
एक माझ्यासाठी ओढून काढली जाते.
जेवायला काय?
"आमच्यात आज रांधलंय ते."

मे महिन्यात आले होते एकदा, सगळ्यांबरोबर.
घोडा होता, उंट होता, बर्फाचे गोळे,
आणि माझ्या मांडीवर अकरा जणांचे मोबाईल, घड्याळं, चष्मे.
समुद्र पाहिल्याचं आठवत नाही.
त्याची राखण करायची नव्हती ना.

आता तो घरच्या कपड्यांत आहे.
कुणी येईल असं वाटलंच नव्हतं,
तसा ओहोटीत पसरलेला, काळे गुडघे उघडे टाकून.
मी आले म्हणून त्याने काही आवरलं नाही.
फार बरं वाटलं मला.

किनाऱ्याला वलांड्या.
बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकलेले,
खालून जाताना माझ्या साडीवर
पट्ट्यापट्ट्यांची सावली हलते.
बस्त्यावकाका फळीवर बसून विडी ओढतो.
"हा वारा नसला तर माल सडतो, बाय.
ऊन एकटं काय करणार?"
मी ते वाक्य पिशवीत ठेवते,
शेंगांच्या पुडीशेजारी.

सहा वाजता दीपस्तंभ लागतो.
वाळू पायांहून गार.
एक होडी येते, तिच्यातली माणसं माझ्याकडे बघत नाहीत,
त्यांना जाळं आहे.
"चला, उशीर झाला" असं म्हणायला कुणी नाही,
म्हणून उशीर होतो, आणि शेजारी बसून राहतो.

रात्री कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली
रजिस्टर येतं.
नाव. गाव: कोपरी, ठाणे. वय: एकोणसाठ.
'सोबतच्या व्यक्ती' या रकान्यात मी रेघ मारते,
सरळ येते ती, हात हलत नाही.
'येण्याचे कारण'पाशी पेन उमटेना.
रेजिना ते तळहातांत चोळून देते.
वर कुणीतरी एप्रिलात 'मौजमजा' लिहिलंय,
त्याखाली पानभर नुसत्या टिंबांच्या जोड्या,
सगळ्यांना तेच, तेच, तेच.

मी लिहिलं: थंडी.

रेजिनाने वाचलं,
काही बोलली नाही,
आणि आणखी एक गोधडी आणायला गेली.