आकडा

आयर्विन पुलाखाली फेब्रुवारीत
कृष्णा एवढीशी असते.
नववी ब मधल्या आम्ही अकरा जणी,
आणि कठड्याबाहेर, दोराला कंबर बांधून,
पाटबंधाऱ्याच्या मुजावर मॅडम.

"हे रडार. पाण्याला हाक मारतं.
हाक परत यायला किती वेळ लागला,
ते मोजतं. बस्स."
मागून कुणीतरी पुटपुटलं, बाईमाणूस असून...
मॅडमनी ऐकलं.
म्हणाल्या, "तो बारा नंबरचा पाना द्या."

पावसाळ्यात आमच्या सांगलीत
चहाच्या आधी विचारतात, किती फुटांवर?
घरी कॅलेंडरमागे अजून ती मळकट रेघ आहे;
आईनं दोनदा रंग मारला, तरी वर येतेच.
पण तो आकडा सांगतं कोण,
हे मी कधी विचारलंच नव्हतं.

स्क्रीनवर आलं : नऊ पूर्णांक चार.
"केतकी लोखंडे, तू खाली जाऊन पट्टी वाच बरं."
पायरीवर शेवाळ. चप्पल हातात घेतली.
खांबावरचे आकडे वाचले. परत वाचले.
"नऊ पूर्णांक एक," ओरडले,
आणि लगेच वाटलं,
यंत्र कसं चुकेल? मीच.

वर बराच वेळ काही नाही.
मग मॅडमनी यंत्राच्या तोंडातून
कुंभारमाशीचं मातीचं घर काढलं,
तळहातावर धरून आम्हाला दाखवलं.
वहीत लिहिलं नऊ पूर्णांक एक,
पुढे माझं नाव. आडनावासकट.

घरी आल्या आल्या
मी कॅलेंडर बाजूला केलं
आणि रेघेला टेप लावला.