पुकारा

आमच्या आज्याचा आवाज
मोहाडीच्या कोर्टातून सुटला की
बाजारात मिरच्या मोजणाऱ्या बाया हात थांबवत.
पक्षकाराचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं शाबूत.
नाव मोडलं तर माणूस येत नाही, म्हणायचा फागोजी निमजे.
पगार त्याला फक्त ओरडण्याचा होता.

धाकटा वामनकाका
हातमागाच्या खड्ड्यातून पाय काढून
गेला अमेरिकेत,
कापडाच्या गिरणीत रात्रपाळीचा फिटर.
तिथे तो व्हॅमन झाला, मग नुसता व्हॅन.
ओ देत राहिला.

त्याची पोरगी मंजिरी तिथे जज्ज झाली.
तिचा फोटो, काळा झगा, मागे झेंडा,
मी टायपिंगच्या टेबलावर काचेखाली ठेवला.
वाटलं, अर्जामागे पाच रुपये जास्त मिळतील.
मिळाले नाहीत.

परवा आली.
आमचाच दावा, दीड एकर धानाची बांधी,
एकवीस वर्षं तारखेवर;
काका गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव चढलेलं.
मी म्हटलं, मंजू, चेंबरात जाऊन सांग तू कोण ते.
म्हणाली, "मी प्रतिवादी क्रमांक चार,"
आणि बाकावर बसली,
भिंतीवरच्या खर्र्याच्या पिचकारीपासून जरा सरकून.

विचारलं, तिकडे फाशी देतेस का?
"नाही गा दादा. लहान कोर्ट आहे.
घरभाडं थकलेले, पिऊन गाडी चालवणारे.
सकाळी आधी एकेकाला विचारते,
तुमचं नाव कसं म्हणायचं.
मग वहीत देवनागरीत लिहून घेते.
सोमालियाचे, पोलंडचे, सगळे
काना-मात्रेत बरोब्बर बसतात.
बाबांनी तेवढीच मराठी लिहायला शिकवली."

तेवढ्यात शिपाई दारात आला,
एका हातात मोबाईल:
"मंजारी वामन निमजे!"
मी उठलो दुरुस्त करायला.
तिनं माझी बाही धरली.
जवळ जाऊन त्यालाच विचारलं, "तुझं नाव काय रे?"
"खेमराज."
"खेमराज," ती म्हणाली,
जपून, उतू जाणारा गंज उतरवावा तसं.

साहेब रजेवर. पुढची तारीख चौदा जुलै.
तिचं विमान शुक्रवारी.

जाताना पायरीवर थांबली.
आजा उभा राहायचा ती जागा मी दाखवली होती.
इकडेतिकडे पाहिलं,
आणि घशातल्या घशात म्हणून पाहिलं:
"वामन फागोजी निमजे, मोहाडी,
हाजिर हो."

मिरच्या मोजणाऱ्या बाईनं
मान वर केली नाही.