नग सत्तेचाळीस

रजिस्टरात लिहिलं : दुंडु कल्लु, नग सत्तेचाळीस.
मनात मात्र मराठीत मोजत होतो, गोल दगड, गोल दगड.
ठिकाण : वल्लभगडाखालची पाणंद, रस्ता रुंद करताना.
उपयोग :
तिथं पेन थांबलं.
साहेब म्हणाले, लिही, तराजूची वजनं.

वजनं नव्हेत. एकाचा भार दुसऱ्याशी जुळत नाही.
आकार तेवढा एक, कोंबडीच्या अंड्याचा,
आणि अंगावर टाकीचे बारीक घाव,
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे.

एक खिशात घातला. चोरीच म्हणा.
संकेश्वरला बसमधून उतरलो,
वाळत घातलेल्या मिरच्यांनी शिंकत
हिरण्यकेशीच्या कडेनं लगमव्वाच्या शाळूत गेलो.

ती माळ्यावर उभी होती.
हातात अंबाडीच्या वाकाची गोफण.
कवणे, म्हणते ती.
मला दर वेळी कवन ऐकू येतं.

दगड तिनं तळव्यावर झुलवला,
अंगठ्यानं घाव चाचपले.
"पाखरासाठनं न्हवं हे.
पाखराला मी मातीचा गोळा मारतो की.
फुटला तर फुटला, धाट मोडत न्हाई, कुळवाला लागत न्हाई.
पाखरासाठनं दगड घडवत कोण बसतंय?
माणसाचं हाय हे."

एवढं बोलून ती हुरड्याचं कणीस चोळत बसली.

मी गडाकडं बघितलं.
बाण चिलखतात अडकतो, मिरवतो,
उपटून दाखवता येतो दरबारात.
दगड लोखंडावर नुसता वाजतो.
लोखंड शाबूत, आत बरगडी गेलेली.
रक्त नाही, म्हणून बखरीत ओळ नाही.
मारणाऱ्याचं तर नावच नाही :
मेंढरं वळवता वळवता खांदा तयार झालेलं
कुठलंसं धनगराचं पोर,
मूठभर जोंधळ्यावर तटावर उभं केलेलं.
भाता रिकामा होतो.
नदी कुठं रिकामी होते?
तरीही कुणीतरी रात्र रात्र बसून
हे सत्तेचाळीस घडवले.
नदीच्या गोट्यावर विश्वास नव्हता त्याचा.
सरळ जायला हवा होता दगड,
नेमका,
एखाद्याच्या कपाळापर्यंत.

"बगायचंय?"
मी हो म्हणायच्या आत तिनं झोळीत बसवला.
एक फेरा. दुसरा अर्धाच.
दोरीचं टोक सुटलं, हवेत चाबूक फुटला,
आणि उसापलीकडं, दोनशे पावलांवर,
बंद पंपघराचा पत्रा ओरडला.
साऱ्या शिवारातली पाखरं एकदम उठली.
लगमव्वा हसली नाही. खांदा चोळत म्हणाली,
"माझा न्हाई ह्यो नेम. दगडाचाच हाय."

पत्र्याला वाटीएवढा खळगा.
दगड उसात गेला, सापडला नाही.
संध्याकाळपर्यंत पाचटानं हात कापून घेतले.

परत येताना नदीतून एक उचलला,
तेवढाच, तेवढ्याच भाराचा.

परवा तपासणी झाली.
साहेबांनी पेटी उघडून मोजले, सत्तेचाळीस भरले.
एक जरा गुळगुळीत आहे.
त्याच्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं,
मग पुढं गेलं.

उपयोगाचा रकाना अजून कोरा आहे.
लगमव्वाचं वाक्य कुठल्या भाषेत लिहावं
ते ठरत नाही.