उच्छ्वास

काच टफन्ड आहे, ड्रिल लावलंत
तर अख्ख्या टाकीची खडीसाखर होईल,
असं बोहरी आळीतला माणूस म्हणाला
आणि इंची पाइप फुटावर मोजून दिला.
पाच एल्बो, एक टी, सोल्यूशनची डबी.
बसमध्ये पाइप उभा धरून धायरीला आले.
कंडक्टरने त्याचं तिकीट नाही मागितलं,
एवढंच विचारलं, मोरी तुंबली का?
हो म्हणाले.
मासे सांगायला स्टॉप पुरले नसते.

गोष्ट तशी साधी.
वरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत यावं,
स्पंजातून, दगडगोट्यांतून निवळावं,
पंपाने परत वर जावं.
फक्त भोक न पाडता काठ ओलांडायचा.
पाणी आपण होऊन काठ चढत नाही,
कुणीतरी बारीक नळी तोंडात धरून
आतली हवा ओढावी लागते.
मी ओढली.
सहा एंजल आणि एक म्हातारा सकर
यांच्या संसाराची चव
रात्रभर जिभेवर होती, लवंग चघळूनसुद्धा.

दोन दिवस चाललं.
तिसरा दिवस गुरुवार.
लाइट साडेदहाला गेली, बाराला आली,
मी ऑफिसात व्हाउचर लावत होते.
पाइपात मधल्या मध्ये हवा शिरून बसलेली,
पंपाला त्याचं काय,
तो इमानदारीने वर ढकलत राहिला
आणि पाणी काठावरून,
टीपॉयखालून, उंबऱ्यावरून
जिन्याने कुलथ्यांकडे.

संध्याकाळी कुलथे वर आले.
हातात भिजलेलं कॅलेंडर, फेब्रुवारी मार्चला चिकटलेला.
मी भांडणाची तयारी करून दार उघडलं.
त्यांनी चपला बाहेर काढल्या,
गुडघे मोडत खाली बसले
आणि पाइपाला कान लावला.
पर्वतीच्या जलकेंद्रात एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले होते त्यांनी,
हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं.
त्यांच्याबद्दल माहीत होतं ते एवढंच
की पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावली तर वायपरखाली चिठ्ठी येते.

दोन्ही पाय पाण्यात राहायला हवेत ह्याचे, म्हणाले.
बाहेरचा पाय कोरडा पडला की संपलं.
खाली वळवून पुन्हा वर आणा,
मग टी, आणि टीचं डोकं उघडं ठेवा.
उघडं?
उघडंच. कात्रजहून नळ आणला ना पेशव्यांनी,
वाटेत उच्छ्वास बांधले. कशाला?
नळात पाण्याबरोबर हवाही येते, बाई.
तिला जायला जागा दिली नाही
तर ती पाण्याचीच जागा घेते.

चहा घेतला नाही. कॅलेंडर न्यायचं विसरले.

रविवारी सगळं करवतीने कापून नव्याने जोडलं.
पाइप घोटाघोटाने इतका मोठ्याने प्यायला लागला
की बातम्या ऐकू येईनात.
मग टीवर टोपण, टोपणाला तापवलेल्या दाभणाने भोक.
एक भोक अखेर पाडलंच मी.
आवाज उतरला,
आता कुणी शेजारच्या खोलीत
भाताचं पाणी ओततंय इतकाच.

रात्री पावणेबाराला
मीच मेन स्विच पाडला.
फ्रिज गप्प. पंखा फिरत फिरत गप्प.
मोबाइलच्या उजेडात पाणी बघत उकिडवी बसले.
वरचं दोन बोटं उतरलं
आणि थांबलं.
खालचं मार्करच्या रेघेपर्यंत चढलं
आणि थांबलं.
सगळे एंजल एकाच दिशेला तोंड करून
काहीतरी रद्द झाल्यासारखे.

स्विच वर.
पंप थरथरला.
वरचं पाणी चढलं, अर्धं बोट, एक बोट,
मी फरशीपुसणं हातात घट्ट धरलेलं,
दीड,
आणि पाइपाने एक आवंढा गिळला
आणि बोलायला लागला.

तेवढ्यात पायाखालच्या फरशीला
खालून काठीचे दोन ठोके.
एवढ्या रात्री.
मी टाचेने दोन परत दिले.
सकर काच चाटत चाटत
नव्या रेघेपर्यंत आला होता.