बारीक अक्षरात

क्रिकेटचं कुणीही करेल, सुकुमार म्हणाला,
आपण हॉकीचं करू.
एकोणनव्वदचा मार्च. सांगलीचं मार्केट यार्ड,
मगदुमांच्या अडतीत हळदीच्या पोत्यांवर बसून
आम्ही सहा जणांनी देशभरातले खेळाडू वाटून घेतले,
त्यांना न विचारता.

लिलाव हळकुंडांत. प्रत्येकाला शंभर, मोजून.
भूपालने एका फुलबॅकवर एकसष्ट उधळली
आणि उरलेल्या एकोणचाळिसांत दहा जणांचा संसार मांडला.
हेमलता हसता हसता ठसकली, हळद नाकात गेली.
वही माझ्याकडे आली. अक्षर बरं,
आणि मी पोस्टात.

मैदानी गोल तीन, पेनल्टी कॉर्नर दोन,
गोलकीपरने कोरा सामना काढला तर चार.
ग्रीन कार्ड, उणे एक.
एवढीच आमची घटना.

पेपरात हॉकी म्हणजे गुळाच्या भावावरच्या दोन ओळी.
कोण जिंकलं ते असायचं, गोल कुणी केला ते नाही.
मग दस्तगीरचा मावसभाऊ, रेल्वेत, जालंधरला,
मॅच बघून पोस्टकार्ड टाकायचा:
‘पहिला गोल डावीकडून. नाव ऐकू आलं नाही. बुटका होता.’
बुटका कोण, यावर अख्खा रविवार गेला
हरभट रोडला, भडंगाच्या सहा पुड्यांवर.

माणसं पांगली. लीग नाही पांगली.
विलास कुवेतहून फोनवर बोली लावायचा, घड्याळ बघत.
हेमलता लग्न होऊन हुबळीला गेली, संघ बरोबर नेला.
भूपाल आणि दस्तगीर एका गोलकीपरवरून
नऊ वर्षं बोलले नाहीत,
पण अदलाबदल चालूच, माझ्यामार्फत:
‘त्याला म्हणावं, राइट हाफ देतो, वर दोन हळकुंडं.’
‘त्याला म्हणावं, दीड.’
दोघं एकाच बाकावर.

एकोणीसच्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी सत्तावन्न फूट.
गावभागातलं माझं कपाट चार दिवस कृष्णेत उभं होतं.
गाळ उपसला तेव्हा वही निघाली,
तीस वर्षं एकमेकांना चिकटून पाव झालेली.
शाई गेली. हळदीची बोटं तेवढी पानापानाला.

खरं सांगू? त्या कपाटात एक पोस्टकार्डही होतं.
तेही गेलं, आणि मला बरं वाटलं.

पोरगा म्हणाला, ॲप करून देतो.
हेमलता म्हणाली, नवी वही आण.
आठवून लिहायला बसलो, तर आपापलं कुणालाच धड आठवेना.
भूपाल म्हणाला, ब्याण्णव दस्तगीरचं. एकशे चौदा गुण.
दस्तगीर म्हणाला, पंच्याण्णव ह्याचं. कोरे सामने सात.
अबोल्याच्या नऊ वर्षांचा हिशेब तर
एकाला दुसऱ्याचा तोंडपाठ.

‘अठ्ठ्याण्णव?’ सुकुमारने विचारलं.
भिंतीवर पाण्याची रेघ होती, छातीएवढी.
मी म्हणालो, ‘माझं. एका गुणाने.’

दस्तगीर दुसरा आला होता.
जालंधरचं ते कार्ड सॉर्टिंगला माझ्या हाताखाली आलं,
माझ्याच सेंटर फॉरवर्डला ग्रीन कार्ड, स्वच्छ अक्षरात.
मी ते खिशात घातलं. पुढे पोचलंच नाही.
पोचलं असतं तर बरोबरी झाली असती.
तेवढीही मी दिली नाही.

‘लिही की,’ दस्तगीर म्हणाला, भडंगातले शेंगदाणे वेचत.
‘आणि खाली ते ग्रीन कार्डपण लिही.
मावसभाऊ त्याच साली ईदला आला होता, तेव्हाच बोलला.’

एकवीस वर्षं. दर लिलावाला
माझी हळकुंडं त्याने मोजून दिली होती,
कधी एकही कमी नाही.

माझं पेन वहीवर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत चाललेला.
‘बारीक लिही,’ तो म्हणाला. ‘पोरं वाचतील.’
मग भूपालकडे वळून,
‘हां, त्या नव्या गोलकीपरचं काय म्हणतोयस?
बारा? वेडा झालास का?’