परमिट नसलेले पेले

शुक्रवारच्या बाजारात इस्माईल मला लांबूनच ओळखतो.
चादरीवर मिक्सरची भांडी, पंख्याची पाती, एकेकटे बूट,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, माझ्यासाठी बाजूला.
"काका, फूलदानी छे," म्हणतो. डोळा मारत नाही.
मीही मारत नाही.

फुलदाणी नव्हे ती. कंबरेत बारीक, वर उमलत गेलेली,
अर्धा लिटर, आणि त्याच्यावर चार बोटं जागा.
ती जागा फेसाची.
गव्हाच्या बिअरला फेस फार, तिला मान उंच लागते.
नखाने काठ वाजवून पाहिला.
एकतीस वर्षं काचकारखान्यात हेच केलं:
पट्ट्यावरून येणारा पेला कानाशी,
ठण म्हणाला तर पुढे, ठप्प म्हणाला तर परत भट्टीत.
हा ठण म्हणाला
आणि बराच वेळ म्हणत राहिला.
साठ रुपये.

दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
लग्नात आलेलं एक काचेचं कपाट आहे.
त्यात आधी लेमन सेट होता, मग देव होते.
देवांना स्वयंपाकघरात ऊब मिळेल, असं मी म्हणालो.
नलूने ऐकून घेतलं.
आता सतरा पेले. बिअरचे.
या गावात, जिथे तो शब्द उच्चारताना
माणसं आवाजाची एक पायरी उतरतात.

पेले येतात परमिटवाल्यांच्या घरांतून.
झोपेचं, हृदयाचं, कसलंतरी डॉक्टरी कारण लिहिलेलं कार्ड
फाईलमध्येच राहतं. माणूस जातो.
मुलं कॅनडाहून येतात, फ्लॅट विकतात.
हा खळ्याखळ्यांचा, जाड कानाचा मग एका न्यायाधीशांचा,
धरला की आपलंही मनगट निकाल देऊ लागतं.
हा गळ्याखाली फुगवटा असलेला. लोकांना वाटतं नक्षी.
नक्षी कसली! एकात एक रचले तर अडकू नयेत,
काठाचा टवका उडू नये,
म्हणून कुणा माझ्यासारख्यानेच काढलेली ती गाठ.
त्या अनोळखी माणसाला मी मनातून रामराम करतो.

प्यायलात का कधी? सगळे विचारतात.
एकदा. दमणला, पागेबरोबर.
टॉवेलात गुंडाळून ट्यूलिप नेला होता,
ज्याचा काठ बाहेर वळतो, वास ओठांआधी नाकाशी पोचावा म्हणून.
वेटरने ओतली ती पिवळी, थंडगार, बिनवासाची.
तिला सडपातळ, सरळ पेला हवा होता.
तो घरी, कपाटात.
"पी रे," पागे म्हणाला, "काचेला काय कळतंय?"
एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या पट्ट्यावर बसलेला माणूस
हे बोलला.
मी प्यायलो. कडू होती.
फेब्रुवारीत पागे गेला. त्याच्या घरी
काचेचा एकही पेला निघाला नाही. सगळं स्टील.

उन्हाळ्यात नलू कपाट उघडून विचारते, आज कशात?
जिरासोडा त्या सडपातळात, बुडबुडे रांगेने चढताना दिसतात.
पन्हं ट्यूलिपात, वेलदोडा आधी येतो.
ताक न्यायाधीशांच्या मगात, जाड काच गारवा सोडत नाही.
शेजारच्या हसुमतीबेन दोन्ही हातांनी मग धरून म्हणाल्या,
"तमारी छाश तो बहु भारे!"
आणि मिशीवरचा फेस पदराने पुसला.

एकाचं मात्र कोडं सुटत नाही.
वीतभर उंच, अरुंद, ना कान ना कंबर,
परीक्षानळीला जाड बूड लावावं तसा.
कुठली बिअर एवढीशी, इतकी सरळ?
इस्माईलला ठाऊक नाही. मलाही.
नलू म्हणते, द्या मला, विणायच्या सुया ठेवते त्यात.
थांब, म्हणतो.
शुक्रवारपर्यंत थांब.